बेलवलकरांच्या आधीचे डॉक्टर

मराठी नाटकवाल्यांत नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढे येतात. एक काशीनाथ घाणेकर, ते दातांचे. दुसरे श्रीराम लागू, ते कान-नाक-घशाचे. घाणेकरांच्या नावाबरोबर शिट्ट्या आणि टाळ्या ऐकू येतात. लागूंचं नाव घेताना माणूस नकळत आवाज खाली आणतो. त्या आदरामागे बहुतेकदा एकच भूमिका असते: ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर. पण ती भूमिका त्यांच्याकडे आली तेव्हा ते 43 वर्षांचे होते आणि पूर्णवेळ नट होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधीच्या काळाबद्दल फारसं बोललं जात नाही. माझ्या मते बेलवलकर घडले ते त्या काळात.

लागूंचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 चा, साताऱ्याचा. वडीलही डॉक्टर. शिक्षण पुण्यात झालं, भावे स्कूल आणि फर्ग्युसन करून ते बी. जे. मेडिकल कॉलेजात गेले. या कॉलेजचं काय ते कळत नाही, पण पुढे जब्बार पटेल आणि मोहन आगाशेही तिथूनच बाहेर पडले. एक बालरोगतज्ज्ञ, दुसरे मनोविकारतज्ज्ञ आणि दोघेही नाटकवाले. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना या कॉलेजला जोडलेल्या ससून रुग्णालयाच्या आवारासाठी एखादं पान राखून ठेवायला हरकत नाही.

1951 च्या सुमारास प्रा. भालबा केळकर आणि मंडळींनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन सुरू केली. सगळे तिला पीडीए म्हणतात. लागू तिच्यात पहिल्यापासून होते. तो काळ समजून घ्यायला हवा. संगीत नाटकांचा बहर कधीच ओसरला होता, बोलपटाने नाटक कंपन्या मोडीत काढल्या होत्या आणि जुनी बिऱ्हाडं पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारी मंडळी पांगली होती. व्यावसायिक रंगभूमी पुन्हा उभी राहू पाहत होती, पण नवं काही करून बघायची हिंमत होती ती हौशी संस्थांकडे. 1954 पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि या संस्थांना दरवर्षीचं एक निमित्त मिळालं. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ 1957 मध्ये पीडीएने रंगमंचावर आणलं. त्यातले दादासाहेब लागूंनी केले.

हौशी म्हणजे कच्चं, असा आपल्याकडे एक समज आहे. पीडीएच्या बाबतीत तो साफ चुकीचा. पोटापाण्याची सोय दुसरीकडे असल्यामुळे नाटक चाललं नाही तरी कुणाची चूल विझत नव्हती. म्हणून न चालणारी नाटकं करता येत होती, तालमी लांबवता येत होत्या आणि एका वाक्यावर वाद घालता येत होता. धंदेवाईक नटाला ही चैन परवडत नाही, कारण त्याचा हिशेब ‘नाईट’वर चालतो. आज प्रयोग, आज पैसे.

लागूंचं दुसरं आयुष्य मात्र गंभीरपणे चालू होतं. शस्त्रक्रियेची पदवी, पुण्यात काही वर्षं व्यवसाय, मग पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड. साठच्या दशकात ते टांझानियातल्या टबोऱ्यालाही डॉक्टर म्हणून राहून आले. भारतात असले की पुण्यात पीडीए आणि मुंबईत विजया मेहतांची रंगायन ही प्रायोगिक नाट्यसंस्था. दोन्ही दगडांवर पाय ठेवून ही कसरत किती वर्षं चालली! शेवटी 1969 मध्ये त्यांनी दवाखाना सोडला आणि कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’मधून पूर्णवेळ व्यावसायिक नट झाले. चाळिशी उलटलेल्या, हातात शस्त्रक्रियेचं कसब असलेल्या माणसाने दौऱ्याच्या बसमध्ये जाऊन बसायचं, हा त्या वेळच्या मध्यमवर्गाला वेडेपणाच वाटला असणार.

त्यानंतरचं 1970 हे वर्ष नीट पाहण्यासारखं आहे. त्या एका वर्षात लागूंनी दोन अगदी वेगळ्या गोष्टी केल्या.

पहिली, ‘गिधाडे’. विजय तेंडुलकरांचं हे नाटक लिहून बराच काळ झाला होता आणि त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणारं कुटुंब, शिव्या, मारहाण, गर्भपात. लागूंनी ते दिग्दर्शित केलं आणि त्यात कामही केलं. सेन्सॉरशी झटापट अटळ होती. एका प्रवेशात स्त्रीपात्राच्या साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या डागाला हरकत घेतली गेली. तोडगा असा निघाला की डाग निळा करायचा. मग प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात आलं, हा निळा डाग लाल समजावा. नियम पाळला आणि प्रेक्षकाच्या डोक्यात डाग आणखी गडद केला. सेन्सॉरवर आजवर लिहिले गेलेले अनेक अग्रलेख या एका घोषणेपुढे फिके आहेत.

दुसरी, ‘नटसम्राट’. शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ ‘राजमुकुट’ म्हणून आणि ‘ऑथेल्लो’ त्याच नावाने मराठीत आणणाऱ्या वि. वा. शिरवाडकरांनी इथे भाषांतर न करता शेक्सपिअरच्याच ‘किंग लिअर’ची सावली घेतली आणि राजाच्या जागी निवृत्त नट उभा केला. गोवेकरांनी मुंबईत उभारलेल्या गोवा हिंदू असोसिएशनने नाटक काढलं, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी बसवलं. 23 डिसेंबर 1970 ला बिर्ला मातोश्री सभागारात पहिला प्रयोग झाला. बेलवलकरांची बायको कावेरी होत्या शांता जोग.

हे नाटक नटाला बिघडवू शकतं, असं मला नेहमी वाटत आलंय. स्वगतं एवढी देखणी आहेत की नट ती म्हणायला लागतो आणि म्हातारा मागे राहतो. बेलवलकर स्वतःच जुन्या, पल्लेदार आवाजाच्या परंपरेतले. त्यामुळे आवाज लावायला लेखकाचीच मुभा आहे. लागूंना ही जुनी परंपरा आणि हौशी रंगभूमीची नवी, दोन्ही ठाऊक होत्या. पल्लेदार बोलणं कधी हे बेलवलकरांचं नटपण आहे आणि कधी त्यांचं म्हातारपण लपवायची धडपड आहे, हा फरक ते दाखवू शकत. हौशी रंगभूमीवर वाक्यावाक्यावर घातलेले वाद इथे कामी आले. घसा कसा चालतो हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहिलेला माणूस त्याच घशाने रोज रात्री तीन अंक खेचत होता, यातली गंमत त्यांच्याही लक्षात आली असेलच. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशांनी बेलवलकर केले. प्रत्येकाचा चाहता आपलाच बेलवलकर खरा म्हणतो. भांडू द्या.

1972 मध्ये कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’त त्यांनी नानासाहेब भानू केले. त्यामागे धोंडो केशव कर्वे उभे आहेत हे प्रेक्षकाला कळत होतं. 1974 मध्ये गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ आलं. एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे उलटतपासणी, बाकी हालचाल जवळजवळ नाही. तिकीट खिडकीवर नाव चालू लागल्यावरही लागू असली नाटकं करत राहिले. व्यावसायिक नाटकाने दिलेली प्रसिद्धी ते प्रायोगिक नाटकात खर्च करत होते.

सिनेमातला त्यांचा चेहरा गावोगाव पोचला तो व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मुळे. सालही तेच, 1972. तमासगिरिणीच्या मोहात पडलेला आदर्श शिक्षक मेला असं गाव समजतं, त्याचा पुतळा उभारतं आणि त्याच्याच खुनाबद्दल त्याला फाशी होते. पाठोपाठ जब्बार पटेलांचा ‘सामना’. पटकथा तेंडुलकरांची, समोर निळू फुले यांचा साखरसम्राट आणि हे दारूत बुडालेले गांधीवादी मास्तर. 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये ते मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले. मराठी सिनेमाने त्यांच्यातला मास्तर आणि मुत्सद्दी दोन्ही नेमके हेरले.

हिंदीत शंभराहून अधिक चित्रपट, आणि त्यातले बरेच विसरावेत असे. बाप, न्यायाधीश, पोलीस अधिकारी. ‘घरौंदा’साठी फिल्मफेअर मिळालं, अॅटनबरोंच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये पावसात घराबाहेर पडून परत न येणारे प्राध्यापक झाले. एवढं सोडलं तर हिंदीने त्यांचं भारदस्तपण वापरलं, अभिनय फारसा नाही.

नट म्हणून जमलेलं नाव त्यांनी आणखी एका ठिकाणी पणाला लावलं. ते नास्तिक होते आणि ते लपवत नव्हते. परमेश्वराला आता निवृत्त करा, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ते मिळून महाराष्ट्रभर कार्यक्रम करत. गंमत म्हणजे त्यात दोघांचं एकमत नसे. लागू देव ही संकल्पनाच मोडीत काढत, दाभोलकर शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेपुरतं बोलत आणि हा मतभेद श्रोत्यांसमोरच चाले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा लागू, निळू फुले आणि इतर नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून त्यासाठी पैसा जमवला. कार्यकर्त्यांसाठी विनोदी नाटक करायला कुणालाच कमीपणा वाटला नाही.

धावत्या लोकलवर कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने त्यांचा मुलगा तन्वीर गेला. त्याच्या नावाने रूपवेध प्रतिष्ठानतर्फे 2004 पासून रंगकर्मींना सन्मान दिला जातो.

आत्मचरित्राला त्यांनी ‘लमाण’ नाव दिलं. लमाण म्हणजे इकडचा माल पाठीवर लादून तिकडे पोचवणारा. नट लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत वाहतो, मालक तो नव्हे. सत्तरी ओलांडल्यावर 1999 मध्ये मकरंद साठे यांचं ‘सूर्य पाहिलेला माणूस’ आलं, अतुल पेठे यांचं दिग्दर्शन. लागू त्यात सॉक्रेटिस झाले. दिग्दर्शक आणि लेखक दोघेही त्यांच्या मुलाच्या वयाचे, नाटक विचारांनी ठासून भरलेलं, पाठांतराला अवघड. पीडीएच्या दिवसांत जे नाटक त्यांनी हावरटासारखं उचललं असतं तसंच.