ओढ्याचा पूर तासावर ठरतो

२०१९ साली महाराष्ट्राने दोन तऱ्हेचे पूर पाहिले. ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा दिवसचे दिवस फुगत राहिल्या. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतात. २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने मात्र पातळी विचारायलाही सवड दिली नाही. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, पर्वतीमार्गे मुठेला मिळणारा एवढासा ओढा, पण सीमाभिंती पाडून तो घरांत शिरला.

फरक आहे तो पाणी गोळा व्हायला लागणाऱ्या वेळात. पाणलोटाच्या दूरच्या टोकावर पडलेला थेंब कृष्णेतून सांगलीला पोचायला दिवस घेतो. शिवाय उपनद्यांचं पाणी मागेपुढे येतं आणि जोराचा ढग एका वेळी खोऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यावरच असतो. ओढ्याचं सगळं पाणलोट त्या एका ढगाखाली मावतं. तासाभरात सगळीकडचं पाणी एकदमच खाली येतं.

हिशेब करून पाहू. १० चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासात ६० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६ लाख घनमीटर पाणी होतं. निम्मं मुरलं असं धरलं, तरी सेकंदाला ८० घनमीटरांहून जास्त, म्हणजे जवळपास ३,००० क्युसेक. खडकवासल्यातून एवढं पाणी सोडलं तर त्याची बातमी होते, आणि तिथे पुढे मुठेचं पात्र तरी असतं!

गंमत म्हणजे हेच ६० मिलिमीटर दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात ‘मुसळधार’सुद्धा ठरत नाहीत. हवामान खात्याची ती पायरी २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होते. सकाळी साडेआठला मोजलेला दिवसाचा आकडा मोठ्या नदीला उपयोगी पडतो, ओढ्याला फारसा नाही. त्यात पर्जन्यमापक भलतीकडेच असला तर बघायलाच नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याच्या आकड्यावरून मिठी नदीचा काय अंदाज बांधणार?

निम्मं पाणी मुरेल हे आपण वर उदारपणे धरलं. सप्टेंबरअखेर जमीन पाण्याने तट्ट भरलेली असते, तळीही काठोकाठ. त्यात भर काँक्रीटची: पाणी मुरत नाही आणि गुळगुळीत रस्त्यावरून ओढ्यात लवकर पोचतं, म्हणजे गोळा होण्याचा वेळही घटतो. मग रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी फांद्या, प्लास्टिक, एखादी गादी अडकते. मागे पाणी तुंबतं, आणि तो बोळा किंवा भिंत फुटली की साठलेलं सगळं लोंढ्याने सुटतं. भराव टाकून पात्र आवळलेलं असेल तिथे पातळी आणखी चढते.

म्हणूनच अशा ठिकाणी ‘उद्या जोरदार पाऊस’ या इशाऱ्याने फारसं साधत नाही. डोंगराच्या माथ्याकडे दर दहा-पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणारा पर्जन्यमापक आणि वरच्या पुलाखाली पातळी मोजणारं यंत्र असेल, तर खालच्या वस्तीला अर्धा-पाऊण तास मिळू शकतो. मुलाबाळांना घेऊन वरच्या मजल्यावर जायला तो पुरतो. गाडी काढायला थांबलं तर नाही.