यादी आली, यादी गेली : शोधनिबंधांच्या नीतिनियमांची पार्श्वभूमी

बडोद्यात प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराची फाइल चाळली, तर शोधनिबंधाच्या प्रतीमागे बहुधा एक स्क्रीनशॉट टाचलेला सापडतो. नियतकालिकाचे नाव, आयएसएसएन हा त्याचा ओळखक्रमांक आणि ते नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत होते त्या दिवसाची तारीख. यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, पण हा कागद फाइलमधून काढायची हिंमत अजून कोणी करत नाही.

शोधनिबंध छापण्याचे नीतिनियम जगाच्या पातळीवर संपादकांनी आपसांत ठरवले. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले आणि हस्तलिखिताचे सामाईक नियम झाले. लेखक कोणाला म्हणायचे, हितसंबंध कसे जाहीर करायचे, हे त्यात पुढे भरत गेले. १९९७मध्ये ब्रिटनमधल्या संपादकांनी गैरप्रकारांवर सल्लामसलत करण्यासाठी समिती काढली. बडोद्याला त्याआधीचा वारसा आहे. १९६० ते १९७५ या काळात इथून वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत निघाली. कोणता पाठभेद कोणत्या पोथीतला, हे तिच्या पानोपानी तळटीपांत नोंदलेले आहे. ज्याचे श्रेय त्याला देण्यासाठी तेव्हा वाङ्मयचौर्य पकडणारे सॉफ्टवेअर लागत नव्हते.

आपल्याकडचा गुंता सुरू झाला तो गुणांपासून. आयोगाने, म्हणजे दिल्लीच्या या नियामक संस्थेने, २००९मध्ये पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून येणे सक्तीचे केले आणि २०१०मध्ये प्राध्यापकांच्या भरती-बढतीला गुणांकन लावले. तज्ज्ञांकडून परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण. परीक्षण नसले, पण आयएसएसएन असला तर १०. या दहा गुणांनी घात केला. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक, तो फुकट मिळतो आणि दर्जाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण नियमात तो बसला आणि क्रमांकालाच बाजारभाव आला. ‘या महिन्याच्या अंकासाठी निबंध पाठवा, स्वीकृती ४८ तासांत, प्रत्येक लेखकाला स्वतंत्र प्रमाणपत्र’ अशा छापाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश विभागाविभागांतून फिरू लागले. एकाच अंकात भक्तिचळवळ, जीएसटी आणि नॅनोकण शेजारी शेजारी. परीक्षक कोण, हे विचारायचे नाही. फी कुठे भरायची, तेवढे विचारायचे.

मग जानेवारी २०१७मध्ये पहिली मान्यताप्राप्त यादी आली. तीत ३८,६५३ नियतकालिके होती. योगायोग असा की अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका ग्रंथपालाने कित्येक वर्षे चालवलेली फसव्या प्रकाशकांची यादी त्याच महिन्यात इंटरनेटवरून उतरली. तिकडे कोणाकडे जाऊ नये हे सांगणारी यादी गेली, इकडे कोणाकडे जावे हे सांगणारी आली.

आपल्या यादीत इतकी नावे आली कुठून? बहुतेक आंतरराष्ट्रीय सूचींमधून, पण काही हजार विद्यापीठांच्या शिफारशींवरून. वाद पेटला तो या दुसऱ्या गटावर. पुण्यातल्या अभ्यासकांनी त्यातली १,००९ नियतकालिके तपासून मार्च २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट. कुठे संपादकांचा पत्ता नाही, कुठे दिलेली माहितीच खोटी. मे २०१८मध्ये ४,३०५ नावे एकदम उडवली गेली. त्यांत काही बरी नियतकालिकेही गेल्याची ओरड झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण ही नावे दिल्लीने स्वप्नात पाहिलेली नव्हती, ती विद्यापीठांनीच कळवली होती. या मुद्द्यावर तेव्हा फारसे कोणी बोलले नाही.

जून २०१९मध्ये नवी यादी पुण्यातूनच चालू झाली. छाननी कडक झाली, तशी ठगांची रीतही बदलली. प्रादेशिक भाषांतली, फक्त छापील निघणारी, वेबसाइट नसलेली नियतकालिके यादीत आली, की त्यांच्या नावाने कोणीतरी वेबसाइट थाटायचे. नाव तेच, क्रमांक तोच, बँकेचे खाते मात्र भलत्याचेच. खऱ्या संपादकाला हे कळायचे ते एखाद्या अनोळखी संशोधकाने ‘माझा अंक अजून आला नाही’ म्हणून फोन केल्यावर.

वाङ्मयचौर्याचे नियमही २०१८चेच. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल. ४०पर्यंत गेले तर सहा महिन्यांत सुधारून द्या. ६०पर्यंत गेले तर वर्षभर बंदी. त्यापुढे नोंदणीच रद्द. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर इंग्रजीत जसे पकडते तसे मराठीत पकडत नाही, आणि इंग्रजीतून उचलून मराठीत आणलेले तर सहसा सुटतेच. नोव्हेंबर २०२२मध्ये पीएचडीसाठी शोधनिबंधाची सक्तीही काढून टाकली. माझ्या मते या सगळ्या काळातला हाच सर्वांत शहाणा निर्णय.

फेब्रुवारी २०२५च्या सूचनेने यादीच मोडीत काढली. नियामक संस्थेने मार्गदर्शक निकष सुचवले आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली, म्हणजे ज्यांच्या शिफारशींनी २०१७ची यादी बुडाली त्यांच्याकडेच. केंद्रीकरणाला कंटाळलेल्यांनी स्वागत केले. बडोद्यात मराठीत संशोधन करणाऱ्याला मात्र हा आनंद पुरता साजरा करता येईना. त्याचे निबंध छापून येतात महाराष्ट्रातल्या मराठी त्रैमासिकांत, आणि छाननी समितीवर बसतात गुजराती, इंग्रजी, फार तर हिंदी वाचणारी मंडळी. यादी होती तोवर समितीला निबंध वाचावा लागत नव्हता, नाव जुळले की काम झाले. आता एखाद्या त्रैमासिकात परीक्षण खरोखर होते की नाही, हे ठरवायला समितीवर मराठी वाचणारा माणूस हवा. गुजरातेत असा माणूस शोधायला गेले तर तो बहुधा उमेदवाराच्याच विभागात सापडणार, आणि कित्येकदा तो त्याचा मार्गदर्शकच असणार.