खेळांचा अनुशेष

दिवाळीच्या सुट्टीत भाचा अमरावतीहून दारव्ह्याकडच्या आमच्या गावी आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या शाळेतल्या जुन्या हजेरीवहीचं शेवटचं कोरं पान काढलं आणि त्यावर एकाखाली एक चौदा नावं लिहिली. "मामा, हा माह्या बॅकलॉग हाये."

मी दचकलो. इंजिनिअरिंगच्या पोरानं बॅकलॉग म्हटलं की राहिलेले विषयच डोळ्यांपुढे येतात. पण ते विषय नव्हते, गेम होते. सुरू केलेले, काही तास खेळलेले आणि मध्येच सोडलेले. सुट्टीत त्यातले होतील तेवढे संपवायचे, असा त्याचा बेत होता.

बॅकलॉगला आपल्याकडे शब्द आहे आणि विदर्भात तो शाळकरी पोरालाही ठाऊक असतो: अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण यांचा जिल्हावार हिशेब मांडला तेव्हापासून तो आपल्या बोलण्यात रुजला आहे. त्या हिशेबात आधी पट्टी ठरली, राज्याच्या सरासरीची. मग कुठे किती कमी पडलं ते मोजता आलं. पट्टी नसेल तर अनुशेषही नसतो. मग गेमच्या अनुशेषाची पट्टी कुठून आली, हा प्रश्न मला त्या पानाकडे बघताना पडला.

आमच्या लहानपणी असा अनुशेष शक्यच नव्हता. टीव्हीला जोडायचा गेम, त्यात खोचायची पिवळी कॅसेट, आणि पाच पोरांत दोन रिमोट. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारियो ब्रदर्स'मध्ये ३२ टप्पे होते आणि खेळ जतन करायची सोयच नव्हती. लाइन गेली की मारियो पुन्हा पहिल्या टप्प्यावर. संध्याकाळ संपली की खेळ संपला. उद्याचा खेळ नवा.

जतन करायची सोय पुढे आली. 'द लेजंड ऑफ झेल्डा' १९८७ मध्ये अमेरिकेत विकायला आला तेव्हा त्याच्या कॅसेटमध्ये गोटीएवढी चपटी बॅटरी बसवलेली होती. टीव्ही बंद असतानाही ती आतल्या मेमरी चिपला किंचित वीज पुरवत राहायची, म्हणून खेळ कुठवर आला ते टिकायचं. कैक वर्षांनी बॅटरी संपली की जतन केलेला खेळही पुसला जायचा. त्या चपट्या बॅटरीनंच 'अर्धवट गेम' ही गोष्ट जन्माला घातली असं मला वाटतं. थांबलेला खेळ कुठेतरी थांबून वाट बघतो आहे, हे त्याआधी कोणाच्या मनात यायला जागाच नव्हती. आता तर 'द विचर ३'सारख्या गेमची नुसती मुख्य कथा सुमारे ५० तासांची आहे. रोज तासभर दिला तरी पावणेदोन महिने लागतात. त्यात ऑनलाइन दुकानात सवलत लागते, दोनशे-तीनशे रुपयांत गेम मिळतो, आणि यादी वाढते.

"हे अर्धवट राह्यलेले तुले सतावते का?" मी विचारलं.

"हाव ना. झोपाच्या टायमाले आठवते."

या सतावण्याचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये झाला. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या हाताखाली ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्सियांकिना या दोन तरुण संशोधक काम करत होत्या. झायगार्निक यांनी लोकांना वीसेक छोटी कामं दिली: मातीच्या आकृत्या करणं, कोडी सोडवणं, हिशेब करणं. निम्मी कामं पुरी होऊ दिली, निम्मी मध्येच थांबवली. नंतर कोणती आठवतात ते विचारलं. १९२७ साली त्यांनी लिहिलं, की अर्धवट कामं पुऱ्या कामांच्या जवळपास दुप्पट आठवली. हे निरीक्षण फार गाजलं, आजही सगळीकडे सांगितलं जातं. पण पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. २०२५ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात आठवणीचा हा फायदा टिकला नाही.

टिकलं ते दुसरीचं, जिचं नाव फारसं कोणी घेत नाही. ओव्सियांकिना यांनी १९२८ मध्ये वेगळी गोष्ट पाहिली. काम अर्धवट थांबवलं आणि माणसाला मोकळं सोडलं, कोणी काही सांगितलं नाही, बक्षीस नाही, तरी बहुतेक जण आपणहून त्या कामाकडे परत वळले. ही ओढ त्या आढाव्यातही दिसून आली. भाच्यानं पान काढून यादी लिहिली त्यामागे हीच ओढ होती. ती असणं स्वाभाविक आहे, आणि मला तर ती चांगली खूण वाटते.

मग ओढ असूनही परत जाणं का जमत नाही? याचं उत्तर मला त्याच दुपारी त्याच्या शेजारी बसून पाहायला मिळालं.

त्यानं 'विचर' उघडला. आठ महिन्यांपूर्वी सोडलेला. सुरू होताना नायकाच्या जुन्या मित्राच्या आवाजात आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात ऐकू आली, बनवणाऱ्यांनी ही सोय मुद्दाम ठेवली आहे. मग पडदा उजळला. पावसात, बंदराच्या मागच्या गल्लीत नायक गेराल्ट उभा. भाच्याची डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांवर आपोआप जाऊन बसली. त्यानं बघितलंही नाही. गेराल्ट चालू लागला, वळला, पळाला. पण पाण्याजवळ राक्षस अंगावर आले आणि सगळं फिसकटलं. मंत्र टाकायचं बटण दाबायच्या ऐवजी त्यानं भलतंच दाबलं, भर लढाईत सामानाची पेटी उघडली. बंद केली, उडी मारायला गेला तर तलवार म्यानात. मेला. पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर त्यानं हात वर घेतले. "मले तर आठवूनच नाई राह्यलं काई. अन् मी इथं कायले आलो व्हतो?"

या एका वाक्यात दोन वेगळी विसरणी आहेत. 'कसं करायचं' हे एक, 'कशासाठी करत होतो' हे दुसरं. मेंदू ही दोन्ही एकाच कोठारात ठेवत नाही. हे ज्या माणसामुळे कळलं तो हेन्री मोलेसन. १९५३ साली अपस्मारावर इलाज म्हणून त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग बऱ्याच अंशी काढला गेला आणि त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघत चांदणी गिरवायला दिली. आरशात हात उलटा चालतो, म्हणून सुरुवातीला कोणाच्याही रेषा वेड्यावाकड्या येतात. हेन्रीच्या रेषा तीन दिवसांत सुधारत गेल्या. पण हे काम आपण आधी केलंय हे त्याला कोणत्याही दिवशी आठवलं नाही. हाताचं शहाणपण मेंदूच्या इतर भागांत मुरतं, गोष्टीची आठवण हिप्पोकॅम्पसच्या आधारानं राहते. म्हणून भाच्याला चालता येत होतं, पण कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

जे विसरलं ते पूर्ण गेलेलं नसतं, ही दुसरी दिलाशाची गोष्ट. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळानं पुन्हा पाठ करायच्या, आणि दुसऱ्यांदा किती वेळ वाचला ते मोजायचं. एका दिवसानंतर जवळपास एक तृतीयांश वेळ वाचत होता. ३१ दिवसांनंतरही सुमारे २१ टक्के वाचत होता. त्या याद्यांना काही अर्थ नव्हता, तरी एवढं. आपणहून आवडीनं केलेल्या गोष्टीचं याहून बरंच टिकत असणार.

मी त्याला हे सांगितलं आणि म्हणालो, अर्धा तास फक्त मरत राहा. गोष्ट पुढे न्यायचीच नाही. तो बंदराजवळच फिरत राहिला, त्याच राक्षसांशी लढत. पंचवीसेक मिनिटांनी त्याचं डावं मधलं बोट क्यू बटणाकडे न बघता गेलं. मंत्र सुटला. तो माझ्याकडे बघून हसला. यादीतले बरेच गेम त्यानं याआधीही उघडले होते आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत "जमत नाई" म्हणून बंद केले होते. अनुशेष त्या पंधरा मिनिटांत अडकलेला असतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

उरलं 'कशासाठी'चं विसरणं. ते मला शेतावरून जास्त कळतं. कृषिपंपाची लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्रीची. पराटीला, म्हणजे कपाशीला, पाणी देताना लाइन गेली की ओल्या मातीत आपण पिकाच्या ज्या ओळीला आहोत तिथे एक काडी रोवायची, वर चिंधी. दोन दिवसांनी रात्री बाराला लाइन आली की बॅटरीच्या उजेडात आधी ती काडी शोधायची. वरची माती तोवर सुकलेली असते, नुसतं बघून पाणी कुठवर आलं होतं ते कळत नाही. एरिक आल्टमन आणि ग्रेगरी ट्रॅफ्टन यांनी २००२ साली मांडलेला सिद्धांत हेच सांगतो. उद्दिष्ट मेंदूत सतत ताजं राहत नाही, वापर थांबला की ते फिकं पडत जातं. ते पुन्हा वर यायला खूण लागते, आणि ती खूण थांबण्याच्या वेळीच बांधून ठेवावी लागते. परत आल्यावर शोधून उपयोग कमी.

गेममध्ये कामांची नोंदवही असते, पण ती गेमनं लिहिलेली असते. 'लोहाराकडे जा' एवढं ती सांगते. त्या दिवशी आपल्या मनात त्या लोहाराचं काय होतं, ते सांगत नाही. काडी आपणच रोवावी लागते.

काडीचा आणखी एक फायदा प्रयोगात दिसला आहे. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की पुरं न झालेलं उद्दिष्ट दुसऱ्या कामात लुडबुडत राहतं, पण ते केव्हा, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत आखला की ही लुडबुड थांबते. काम झालेलं नसलं तरी. भाच्याचं झोपेच्या वेळचं आठवणं थांबायला चौदा गेम संपवायची गरज नव्हती.

आणि सगळे संपवायचे तरी कशाला? यादीतल्या एका गेमबद्दल तो म्हणाला की मजा येत नाही, पण नऊशे रुपये दिलेत. आर्क्स आणि ब्लुमर यांनी १९८५ मध्ये लोकांना विचारलं होतं: बर्फावर घसरायच्या दोन सहलींची तिकिटं घेतलीत, एक १०० डॉलरची, दुसरी ५० ची, दुसरी जास्त आवडेल असं वाटतं, पण दोन्ही एकाच दिवशी आल्या. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी महागडी निवडली. पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते. आपल्याकडे फरदडीचा मोह असाच. वेचे झाले, डिसेंबर सरला, तरी एवढा खर्च लावलाय तर आणखी थोडा कापूस निघेल म्हणून पराटी उभी ठेवायची. त्या उरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामावर येते. २०१७ साली तिनं काय केलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. उभी पराटी काढणं जिवावर येतं, मला दरवर्षी येतं. पण काढलेलं रान हरभऱ्याला, भुईमुगाला मोकळं होतं.

भाच्यानं त्या संध्याकाळी पाच नावांवर काट मारली. नऊ उरली. सुट्टीत त्यातला एकच संपला, लहानसा, सहा तासांचा. जायच्या आदल्या रात्री त्यानं 'विचर' बंद करायच्या आधी हजेरीवहीचं ते पान पुढे ओढलं आणि नावासमोर लिहिलं: "बंदराच्या मागे उभा. लोहाराकडून तलवार घ्यायची, तो खोटं बोलतो असं वाटते, त्याच्या घरात एकदा पाहाचं. क्यू मंत्र, ऑल्ट चुकवणं. पहिले अर्धा तास राक्षसच मारायचे. पुढची बैठक संक्रांतीच्या रविवारी."

मग पान घडी करून त्यानं लॅपटॉपच्या झाकणात ठेवलं.