इन्टॉर्शन: नाकाकडे वळणारा पीळ

इन्टॉर्शन हा इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात सहसा कानावर पडत नाही. कोशातला त्याचा अर्थ साधा आहे: आतल्या बाजूला पीळ बसणे. खोडाला पडलेली मुरड किंवा वेलीचा विळखा यांसाठीही वनस्पतिशास्त्रात तो वापरला गेला. आज मात्र तो खरा राबतो डोळ्यांच्या दवाखान्यात.

मूळ लॅटिन ‘टॉर्क्वेरे’, म्हणजे पिळणे. टॉर्क, टॉर्शन, टॉर्चर ही सगळी त्याचीच भावंडं; रसायनशाळेतलं वाकड्या मानेचं काचपात्र, रिटॉर्ट, तेही. इन्टॉर्शनच्या उलटा शब्द एक्स्टॉर्शन. तो ऐकून दचकायला होतं, कारण इंग्रजीत खंडणीलाही तेच म्हणतात. उच्चार एकच; डोळ्याच्या शब्दात सहसा ‘एस’ लिहितात आणि खंडणीच्या शब्दात ‘टी’. आपणही पैसे ‘पिळून’च काढतो, तेव्हा नवल नाही.

आता एवढा वेगळा शब्द हवाच कशाला? ‘घड्याळाच्या काट्याच्या दिशेने’ म्हटलं की भागत नाही का? नाही भागत. मॉर्निंग ग्लोरीची वेल आधाराला गुंडाळत वर चढते, ती वरून पाहिली तर काट्यांच्या उलट दिशेने जाताना दिसते आणि खालून पाहिली तर सुलट. सुताच्या पिळाला एस आणि झेड ही नावं दिली ती यासाठीच; सूत उलटं धरलं तरी झेड हा झेडच राहतो. डोळ्यांचा घोळ आणखी मोठा. डॉक्टर समोर बसून पाहतात, रुग्ण आतून पाहतो, आणि दोन डोळे एकमेकांची आरशातली प्रतिमा. म्हणून खूण नाकाची धरली. बुबुळावर घड्याळाची तबकडी कल्पा. बारावरचा बिंदू नाकाकडे कलला तर इन्टॉर्शन, कानाकडे कलला तर एक्स्टॉर्शन. डोळा डावा की उजवा, पाहणारा कुठे बसलाय, काही फरक पडत नाही.

हा पीळ आरशात दिसतो. चांगल्या उजेडात आरशाच्या अगदी जवळ उभे राहा आणि उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाच्या बाजूला, एखादी बारीक लाल रक्तवाहिनी हेरा. नजर बाहुलीवरच ठेवून डोकं हळूहळू उजव्या खांद्याकडे कलवा. ती रक्तवाहिनी पापण्यांच्या मानाने किंचित वर सरकते. उजवा डोळा आत पिळला जातो, त्याच वेळी डावा बाहेर. डोकं कललं तरी जग सरळ दिसावं, यासाठी आतल्या कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं हा हुकूम देतात. भरपाई मात्र तोकडीच: डोकं ३० अंश कलवलं तर डोळे जेमतेम ३ ते ६ अंश फिरतात.

हे काम मुख्यतः वरच्या तिरक्या स्नायूचं. तो खोबणीच्या तळातून निघतो, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या कूर्चेच्या कप्पीतून पुढे येतो आणि तिथून मागे वळून बुबुळाच्या मागे, डोळ्याच्या माथ्यावर चिकटतो. विहिरीच्या रहाटासारखीच रचना. आखडला की डोळ्याचा माथा नाकाकडे ओढला जातो. वरचा सरळ स्नायूही आत पीळ देतो, पण तो डोळा वरही उचलतो. ही गोष्ट पुढे लागेल.

तिरक्या स्नायूला हुकूम पोचवणारी चौथी कवटी-चेता (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी एक) बारीक असते आणि कवटीच्या आतला तिचा प्रवास सगळ्या कवटी-चेतांत लांब, त्यामुळे डोक्याला मार बसला की ती सहज दुखावते. मग डोळा बाहेर पिळलेला राहतो आणि वरही चढतो. एकावर एक दोन प्रतिमा दिसतात, त्यातली एक तिरपी. जिना उतरताना आणि वाचताना त्रास जास्त, कारण तेव्हा नजर खाली लागते. रुग्ण नकळत डोकं निरोगी बाजूच्या खांद्याकडे कलवून ठेवतो. तपासताना डॉक्टर ते उलट, दुखऱ्या बाजूला कलवायला लावतात. आता त्या डोळ्याला आत पीळ हवा असतो. तिरका स्नायू लुळा, म्हणून सरळ स्नायू एकटाच जोर लावतो आणि डोळा आणखी वर चढतो. निदान पक्कं.

पीळ अंशांत मोजायचा तर दोन मॅडॉक्स रॉड, म्हणजे बारीक समांतर नळ्यांच्या काचा, लागतात: एक लाल, एक पांढरी, प्रत्येक डोळ्यापुढे एक. काचेवरच्या नळ्या उभ्या ठेवल्या की दिव्याचा ठिपका आडव्या रेषेसारखा दिसतो. दोन्ही रेषा समांतर दिसेपर्यंत रुग्ण एक काच फिरवतो आणि चौकटीवरचा आकडा वाचला की झालं. बाहेरचा पीळ १० अंशांहून जास्त निघाला तर दोन्ही बाजूंच्या चेता दुखावल्याचा संशय घ्यावा.

शस्त्रक्रियेतही या पिळाला विसरून चालत नाही. मोतीबिंदू काढून टोरिक भिंग, म्हणजे दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) दुरुस्त करणारं भिंग, बसवताना ते ठरलेल्या अक्षावर बसायला हवं. १ अंश चुकलं तर दृष्टिवैषम्याच्या दुरुस्तीतला सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो, १० अंशांत एक तृतीयांश, ३० अंशांत सगळाच. माणूस बसलेला असताना आणि आडवा झाल्यावर डोळ्याचा पीळ तोच राहील याची खात्री नसते. म्हणून अक्षासाठी डोळ्यावर करायची शाईची खूण रुग्ण ताठ बसलेला असतानाच करतात, दूरच्या बिंदूकडे पाहायला लावून. तेव्हा हनुवटी सरळ आहे ना, हे आधी बघावं. डोकं खांद्याकडे कललेलं असेल तर खूणच तिरपी पडते.