सेल्फ-एनक्रिप्टिंग ड्राइव्ह : पासवर्ड आणि डेटा कायमचा पुसणे

सेल्फ-एनक्रिप्टिंग ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉपमधली अशी हार्ड डिस्क किंवा एसएसडी (मेमरी चिपांवर माहिती साठवणारी ड्राइव्ह), जिच्यावर जे जे लिहिले जाते ते तिच्यातली कंट्रोलर चिपच कूटबद्ध करून ठेवते. त्यासाठी लागणारी किल्ली (एईएस या प्रमाण कूटपद्धतीची, आता बहुधा २५६ बिटांची) ड्राइव्हमध्येच तयार होते आणि तिथेच राहते. विंडोजला याचा पत्ताही नसतो. अशा ड्राइव्हसाठी ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप या कंपन्यांच्या संघटनेचे ‘ओपल’ हे मानक २००९ पासून आहे.

घोटाळा होतो तो कूट आणि कुलूप एकच समजल्यामुळे. पासवर्ड नसला तरी माहिती कूटबद्धच असते, पण किल्ली कुलपालाच लटकलेली असते. ड्राइव्ह काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली की सगळे वाचता येते. विंडोजचा लॉगिन पासवर्ड किंवा बायोसचा (लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) सुपरवायझर पासवर्ड इथे कामाचा नाही. बायोसच्या सिक्युरिटी पानावर ‘हार्ड डिस्क पासवर्ड’ असा वेगळा पर्याय असतो, तोच लावावा लागतो.

एटीए (ड्राइव्हला आज्ञा देण्याचे जुने मानक) पद्धतीत हा पासवर्ड ३२ बाइटांपर्यंतचा असतो आणि त्याचे दोन प्रकार असतात : यूझर आणि मास्टर. सुरक्षापातळी ‘हाय’ असेल तर मास्टर पासवर्डने ड्राइव्ह उघडता येते. ‘मॅक्सिमम’ असेल तर मास्टरने फक्त पुसता येते. पाच वेळा चुकले की ड्राइव्ह पुढचे प्रयत्न नाकारते, मग लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. झाकण मिटून स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप उघडल्यावर हा पासवर्ड बहुधा परत विचारलाच जात नाही. म्हणून लोकलच्या गर्दीत बॅगेत ठेवण्याआधी शटडाउनच करावा.

लॅमिंग्टन रोडला (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि हा पासवर्ड काढून टाकावा. काही कंपन्यांचे बायोस टाइप केलेली अक्षरे आपल्या पद्धतीने बदलून ड्राइव्हला पाठवतात. मदरबोर्ड गेला आणि ड्राइव्ह दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला लावली, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

साध्या डिस्कवरचा पासवर्ड हे नुसते कुलूप असते, आणि डेटा रिकव्हरीवाले ते खास उपकरणांनी काढू शकतात. सेल्फ-एनक्रिप्टिंग ड्राइव्हची किल्ली पासवर्डाशी बांधलेली असेल तर तो मार्ग बंद होतो. पण ती बांधलेली असतेच असे नाही. २०१८मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रूशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये पासवर्ड आणि किल्लीचा संबंधच नव्हता. विंडोजचे बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) तेव्हा अशा ड्राइव्हवर स्वतः एनक्रिप्शन न करता ड्राइव्हवरच विसंबत असे. २०१९च्या अपडेटनंतर नव्या ड्राइव्हसाठी ते बदलले. ग्राहकांची माहिती असलेल्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचे एनक्रिप्शनही चालू ठेवावे, यात तडजोड नको.

पुसणे म्हणजे इथे किल्ली बदलणे. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने शून्यांनी भरायला पावणेतीन तास लागतात. जुनी किल्ली टाकून नवी तयार करायला काही सेकंद. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून सॅटा (जुन्या जोडणीच्या) ड्राइव्हसाठी ‘एचडीपार्म’, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) ड्राइव्हसाठी ‘एनव्हीएमई-सीएलआय’ हा प्रोग्राम वापरतात. दुसऱ्यात फॉरमॅट आज्ञेचा पर्याय १ डेटा पुसतो, २ किल्ली बदलतो.

एचडीपार्मने पुसण्याआधी तात्पुरता पासवर्ड लावावाच लागतो. तो अगदी सोपा ठेवावा आणि कागदावर लिहावा, कारण काम मध्येच तुटले तर ड्राइव्ह त्याच पासवर्डने कुलूपबंद राहते. चार्जर लावूनच बसावे. सर्वांत जास्त अडते ते ‘फ्रोझन’ या शब्दावर : सुरू होतानाच बायोसने ड्राइव्हच्या सुरक्षा-आज्ञा गोठवलेल्या असतात. लॅपटॉप काही क्षण स्लीपमध्ये घालून उठवला की बहुधा ‘नॉट फ्रोझन’ दिसते. यूएसबी केसमध्ये घालून हे करू नये. अनेक केसमधली चिप या आज्ञा पुढे नीट पोहोचवत नाही.

ओपल ड्राइव्हचा पासवर्ड विसरला असेल तर ड्राइव्हच्या लेबलावर छापलेला ३२ अक्षरांचा पीएसआयडी हा संकेत कामी येतो. ‘सेडयुटिल’ या प्रोग्राममध्ये तो दिला की ड्राइव्ह कारखान्यातल्यासारखी कोरी होते, जुना डेटा मात्र मिळत नाही. लेबल लॅपटॉपच्या पोटात असते, त्यामुळे मागचे झाकण उघडल्यावर फोटो काढून ठेवावा. शून्य आणि ‘ओ’ यांत हमखास गल्लत होते.

पुसण्याआधी एखाद्या ओळखीच्या सेक्टरमधला (ड्राइव्हवरच्या छोट्या कप्प्यातला) मजकूर टिपून ठेवावा आणि नंतर तोच सेक्टर वाचावा. शून्ये किंवा निरर्थक बाइट दिसले तर काम झाले. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानकसंस्थेच्या ८००-८८ मार्गदर्शिकेनुसार किल्ली बदलणे ही पुरेशी पुसणी ठरते, पण डेटा आधीपासून कूटबद्ध असेल तरच. आज्ञाच न ऐकणारी बिघडलेली ड्राइव्ह भंगारात देऊ नये. एसएसडीच्या मधोमध एक भोक पाडून भागत नाही, कारण त्यातून एखादी मेमरी चिप शाबूत सुटू शकते. प्रत्येक काळी चिप फोडावी लागते.