ॲल्डिहाइड ऑक्सिडेज

सस्तन प्राण्यांच्या यकृतपेशींच्या द्रवात आढळणारे मॉलिब्डेनमयुक्त विकर (एन्झाइम). नाव ॲल्डिहाइडांवरून पडले असले, तरी औषधांच्या चयापचयात त्याचे महत्त्व आहे ते नायट्रोजनयुक्त वलयी संयुगांच्या ऑक्सिडीभवनामुळे.

या नावामागे दोन शोध आहेत. गॉर्डन, ग्रीन व सुब्रह्मण्यन यांनी १९४० मध्ये डुकराच्या यकृतातील ॲल्डिहाइड ऑक्सिडेजचे वर्णन केले. सशाच्या यकृतातील, क्विनीन या नायट्रोजनयुक्त वलयी औषधाचे ऑक्सिडीभवन करणारे विकर मात्र वेगळे मानले जाई. ही दोन्ही एकच असावीत, असे नॉक्स यांनी १९४६ मध्ये दाखवले. क्विनीनवरून पडलेले नाव अधिक समर्पक ठरले असते. रूढ झाले ते ॲल्डिहाइडाचे.

पिरिडीन, क्विनोलीन, प्यूरीन इत्यादी वलयांत नायट्रोजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत दुबळा पडतो. विकर नेमक्या त्याच कार्बनावर ऑक्सिजन बसवते. हा ऑक्सिजन हवेतला नसून पाण्यातला असतो. सुटलेले इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनमकडून विकरातल्याच दोन लोह-गंधक समूहांतून फ्लेव्हिन या सहघटकाकडे जातात आणि शेवटी रेण्वीय ऑक्सिजन ते स्वीकारतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड व सुपरऑक्साइड तयार होतात. औषधांचे ऑक्सिडीभवन करणारी यकृतातील दुसरी विकरे म्हणजे पेशीतील पटलाला चिकटलेली सायटोक्रोम पी-४५०; त्यांना ऑक्सिजन व एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारे सहविकर) दोन्ही लागतात. येथे एनएडीपीएचची गरज नसते.

एक विकर पटलावर, दुसरे द्रवात, या फरकाची किंमत औषधनिर्मितीत मोजावी लागली. यकृताचा लगदा वेगाने फिरवला की पी-४५० तळाशी बसणाऱ्या मायक्रोसोमांत (पटलांच्या सूक्ष्म तुकड्यांत) जातात, तर हे विकर वरच्या निवळीत राहते. त्यामुळे फक्त मायक्रोसोमांवर केलेल्या चाचणीत ते हाती लागत नाही. कुत्र्याच्या यकृतात तर ही क्रिया जवळजवळ नसतेच. कार्बाझेरान हे औषध कुत्र्यात टिकले, माणसात मात्र झपाट्याने नष्ट झाले.

मानवात याचे एकच कार्यक्षम जनुक आहे, उंदरात चार. झँथिन ऑक्सिडेज या जवळच्या विकराच्या पूर्वज जनुकाच्या द्विगुणनातून या जनुकांचे कुल उद्भवले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नैसर्गिक कार्याविषयी एकवाक्यता नाही. एन-मिथिल निकोटिनामाइडापासून पिरिडोने बनवणे हे त्याचे एक कार्य मानतात. निकोटिनाच्या बाबतीत पी-४५० पहिली पायरी उरकते, त्यातून निघालेल्या इमिनियम आयनाचे कोटिनीनमध्ये रूपांतर ॲल्डिहाइड ऑक्सिडेज करते. मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरील औषधापासून या विकरामुळे बनणारे ७-हायड्रॉक्सी रूप मूळ औषधाहून कमी विद्राव्य असते, म्हणून मोठ्या मात्रेत मूत्रपिंडात ते साचण्याचा धोका राहतो.