मनोऱ्यातून श्वास घेणारं न्यायालय

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ॲलेगेनी काउंटीचं न्यायालय आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आधीची इमारत 1882 मध्ये जळाली, तेव्हा नव्या इमारतीचं काम वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांच्याकडे आलं. 1884 ला बांधकाम सुरू झालं, 1888 ला संपलं. रिचर्डसन मात्र 1886 मध्येच वारले.

पुढचा उंच मनोरा निव्वळ रुबाबासाठी आहे असं वाटतं, पण तो इमारतीचं नाक आहे. त्या काळी पोलादाच्या भट्ट्यांनी शहर धुरकटलेलं असे. रस्त्यालगतची हवा आत घेणं म्हणजे काजळीच घेणं. म्हणून ताजी हवा मनोऱ्याच्या वरच्या झडपांतून खाली ओढायची आणि वापरलेली हवा मागच्या दोन मनोऱ्यांतून बाहेर सोडायची, अशी योजना होती. मधलं चौक-अंगण उजेडासाठी. सगळ्या दालनांना खिडक्या मिळाल्या त्या त्याच्यामुळे.

बाहेरून खडबडीत तोंडाचा ग्रॅनाइट आहे. चुनखडीचा दगड आम्लयुक्त पावसात विरघळतो. ग्रॅनाइटमधली क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं त्याला सहजी दाद देत नाहीत. तरी खडबडीत पृष्ठभागावर काजळी छान अडकते. ती वाळूच्या माऱ्याने काढायला गेलं, तर दगडाची कातडीही निघते.

खरी दुखरी जागा सांध्यांत असते. दरजा भरायला घट्ट सिमेंट वापरलं की आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडू शकत नाही. ते दगडाच्या कडेशी साचतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि कपची उडते. म्हणून सांध्यात भरायचा मसाला दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज मसाला सोसतो. जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दोन-अडीचपट खोल, शक्यतो हातानेच, काढायचा; नवा सुमारे 6 मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर थोडा घट्ट होऊ देत भरायचा. एकदम ठासला की आकसून चिरतो.

दारांची गंमत वेगळीच. 1910 च्या दशकात शहराने समोरची टेकडी छाटून रस्ता खाली नेला. पाया उघडा पडला, मूळ दारं अधांतरी राहिली. आज लोक ज्या मजल्यावरून आत शिरतात, तो मुळात तळघराचा आहे.